त्याला मी आधीच सांगितलं होतं

मुरुडला धंदा करायचे तेव्हा मी एका नारळाच्या वाडीमागे भाड्याच्या खोलीत राहायचे. शेजारच्या खोलीत मावशी. रक्ताच्या नात्याची नव्हे, माझ्याआधी पुष्कळ वर्षं याच धंद्यात असलेली. एचआयव्ही आम्हा दोघींनाही होता. मला तो नवऱ्याकडून आला. तळा तालुक्यात आमचं गाव, नवरा ट्रकवर. तो खंगून मेला आणि सासूने मला दंडाला धरून अंगणाबाहेर काढलं. धंद्यात मी त्यानंतर आले. लोकांना हे नेहमी उलटं वाटतं.

आजार कसा दिसतो ते मी नवऱ्याच्या बरगड्यांवरून शिकले होते. गोळ्या सुरू झाल्यावर माझं अंग भरलं, गाल वर आले, तेव्हा मलाच रिपोर्टाची शंका यायची. मावशी त्या आजाराबद्दल म्हणायची, "सवत हाय ती. झोपलीय, मेली न्हाय. रोज गोळी घालायची नि गप ठेवायची."

बोटीवरचा एक खलाशी माझ्याकडे यायचा. पुढे तो माझा माणूसच झाला. मासेमारी बंद असली की जेवायला, झोपायला माझ्याच खोलीत. त्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि निरोधाशिवाय कधी अंगाला हात लावू दिला नव्हता. तो हसला होता. "येवढी गुबगुबीत बाई नि एड्स? निरोधासाठी थापा नको मारू." मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा हसला.

मग बंदरावर कुणीतरी त्याला तेच सांगितलं. सांगणारा पुरुष होता. ते त्याला लगेच पटलं.

भर दुपारी तो आला. मी उंबऱ्याशी बसून वाकट्या मासे साफ करत होते. त्याने केस धरून माझं डोकं चौकटीवर आपटलं. नंतर दाराबाहेर पडलेला झावळीचा जाड देठ उचलला.

"मला मारायला बसलीस व्हय?"

"तुला सांगितलं होतं," मी म्हणाले. प्रत्येक वेळी हे म्हटलं की पुढचा फटका जोरात बसायचा. मी डावा हात आडवा घातला तेव्हा मनगटात काहीतरी कडकन मोडलं. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. केस धरायला तो पुन्हा वाकला आणि त्याची बोटं त्या रक्तात भरली.

तो एकदम मागे सरला. हात भिंतीला, लुंगीला, परत भिंतीला पुसू लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी उठले. उजवा तळहात कपाळावर फिरवला आणि तो तसाच पुढे धरून त्याच्याकडे चालत गेले. माझ्याहून दुप्पट माणूस, पण पाऊल पाऊल मागे हटत अंगणात गेला. मला तेव्हा बरं वाटलं हे मी लपवत नाही.

तोवर मावशी कोयता घेऊन आली होती. तिने कोयत्याची उलटी बाजू त्याच्या खांद्यावर अशी हाणली की तो गुडघ्यावर आला. "आता सुलटी बाजू दाखवू?" ती म्हणाली. तो धडपडत उठला आणि पळाला. मावशीने उघड्या हातांनी माझं रक्त पुसलं, लुगडं फाडून मनगट बांधलं.

मी गिऱ्हाइकं घ्यायचे त्या लॉजवर माझ्या आजाराची बातमी पोचली. तिथल्या मॅनेजरने मला पायरीवरूनच परत पाठवलं. त्यानंतर मावशी आणि मी मासळी सुकवायच्या कामाला लागलो.

काही महिन्यांनी तो आला, हातात सुरमई घेऊन. "दोनदा रक्त तपासलं. काय न्हाय निघालं," तो म्हणाला. "आता माझा राग न्हाय तुझ्यावर."

"माझा आहे," मी म्हणाले.

मावशीने त्याच्या हातातली सुरमई काढून घेतली आणि दार लावलं. तो बराच वेळ बाहेर घुटमळत होता. आतून आम्हाला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. मावशी तुकड्या करायला बसली. मी मीठ-हळद लावलं, एका हाताने, कारण मनगट वाकडंच जुळलं होतं.