बर्फघरातलं बंद पोर्ट

आसेनाका कधी बसून जेवल्याचं मला आठवत नाही. डबा हातात, तोंडात उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा आणि पाय चालूच. वालू बेच्या खाडीवरच्या मासळीच्या कारखान्यात आम्ही दोघींनी पस्तीस वर्षं बरोबर काढली. मी पॅकिंग हॉलमध्ये वजनकाट्यावर लेबलं काढायचे. ती सुरुवातीला माझ्याच शेजारी उभी राहून टूना साफ करायची. मोआला बेटावरून सतराव्या वर्षी आलेली. सुरी तिच्या हातात बसलेली होती, पण एका जागी उभं राहणं तिला जमायचं नाही. इलेक्ट्रिशियन केबल ओढायला आला की ही सुरी टाकून त्याच्या शिडीखाली जाऊन उभी. मुकादमाने वर्षभर आरडाओरडा केला आणि शेवटी कंटाळून तिला त्या इलेक्ट्रिशियनच्याच हवाली केलं.

पुढे तिने शिकायला नाव घातलं, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास. पन्नाशी आली तेव्हा कारखान्याचं सगळं नेटवर्क तिच्या हातात होतं. कागदावर हुद्दा मात्र ‘मदतनीस’. लहानथोर सगळे तिला नाउ म्हणायचे, आईला म्हणतात तसं.

रोज सकाळी ती चार ठिकाणी जायची: ऑफिस, पॅकिंग हॉल, बर्फघर, शीतगृह. प्रत्येक ठिकाणी एक स्विच, म्हणजे केबल खोचायच्या खाचांची, पोर्टांची, पेटी, आणि चारही स्विच केबलने एकमेकांना गोलाकार जोडलेले. बर्फघरात ती सगळ्यात जास्त वेळ थांबायची.

“तिथे काय बघतेस गं इतकं?” मी एकदा विचारलं.

“एक पोर्ट बंद आहे. बंदच आहे ना, ते बघते.”

मी हसले. तेव्हा तिने माझ्या पोळीच्या डब्याचं झाकण ओढलं आणि त्यावर रोउरोउच्या, अळूच्या पानांच्या, रश्शात बोट बुडवून चौकोन काढला.

“हे ऑफिस. इथला स्विच मुख्य, त्याला मूळ म्हणायचं. बाकीचे तिघे आपापलं बघतात, मुळाकडे जायला जवळची वाट कुठली. त्या वाटेवरचं पोर्ट म्हणजे रूट पोर्ट, प्रत्येकाला एकच. पॅकिंगला ऑफिस शेजारीच, शीतगृहालाही शेजारीच. बर्फघर पडलं समोरच्या कोपऱ्यात, त्याला दोन्हीकडून सारखंच अंतर. मग त्याने पॅकिंगकडची बाजू धरली.”

“आणि शीतगृहाकडची?”

“त्या केबलवर बोलायचं काम शीतगृहाच्या पोर्टाला नेमून दिलेलं. बर्फघराचं पोर्ट गप्प. ऐकतं सगळं, पण काही पुढे सोडत नाही. पलीकडची वाट तुटली की मग ते उघडतं.”

“आणि आधीच उघडलं तर?”

“तर गोल पुरा होईल. एकाने ‘अरे, वजनकाटा कुठे आहे’ म्हणून सगळ्यांना हाक मारली, की ती हाक फिरून फिरून परत येणार. मरतच नाही ती. घटकेत हजार होतात, मग लाख. खऱ्या कामाला जागाच उरत नाही.” झाकण पुसून तिने माझ्याकडे दिलं आणि उठली.

त्या वर्षी विमलेश आमचा नवा इंजिनियर म्हणून आला. ब्रिस्बेनला शिकलेला, तिशीचा, मनाने वाईट नव्हता. पण त्याला सगळं लगेच हवं असायचं. आमचे वजनकाटे सकाळी चालू केले की अर्धा मिनिट मुके राहायचे. हॉलमधल्या बायका तेवढ्यात विमलेशची नक्कल करून घ्यायच्या. त्याने कारण शोधून काढलं. नवं काही जोडलं की स्विच आधी तीस सेकंद कान देतो, यातून गोल तर होत नाही ना, आणि मगच वाट मोकळी करतो.

“हे गोल टाळणारं स्पॅनिंग ट्री मी बंदच करतो,” तो माझ्या काट्याशी उभा राहून म्हणाला. “चार स्विच सांभाळायला एवढं सोवळं कशाला?”

आसेनाका तिथेच होती. “साहेब, फक्त काट्यांची पोर्टं वेगळी सांगता येतात. इथे पुढे स्विच नाही, थांबू नकोस, असं. ते मी आज करते. बाकीचं नका काढू.”

“नाउ, एक अख्खी केबल आपण नुसती टांगून ठेवली आहे. ती वापरायची नाही?”

“ती वापरातच आहे.”

“गप्प बसून?”

“हो. तुम्हालाही कधीकधी जमायला हरकत नाही.”

बायका फिसकन हसल्या. विमलेशचे कान लाल झाले. संध्याकाळच्या आत त्याने तिचा पासवर्ड काढून घेतला आणि सांगितलं, उद्यापासून तुम्ही फक्त केबल ओढायच्या.

दुसऱ्या दिवशी तिला काही सुचेना. चार वेळा माझ्याकडे आली, काट्याची वायर उगाच हलवून गेली. “मी जास्त बोलले का गं ऊर्मिला?” मी म्हटलं, बोललीस खरी. “पण चूक बोलले का?” ती हॉलच्या दारापर्यंत जायची, परत यायची.

दहा वाजता विमलेशने आपल्या टेबलावरून कामाला सुरुवात केली. पहिल्या स्विचवर बंद केलं, काही झालं नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, तरी काही नाही. त्याला धीर आला. चौथ्यावर, बर्फघराच्या, बंद केलं, ते गप्प पोर्ट उघडलं आणि माझा काटा गोठला.

सगळेच गोठले. लेबलं निघेनात, फोन मुके, शीतगृहाचं तापमान दाखवणारा पडदा काळा. धक्क्यावर बोट लागलेली, टूना उतरवणं चालू. आणि वजनाच्या लेबलाशिवाय मासा आत घ्यायचा नाही हा नियम. उन्हात माशांची रांग वाढायला लागली. विमलेश पुन्हा पुन्हा स्विचमध्ये शिरायला बघत होता, पण त्याचा हुकूमही त्याच गर्दीतून जाणार. तो पोचतच नव्हता.

हॉलमधल्या स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत होते. आसेनाकाने ते पाहिलं आणि कमरेला गुंडाळलेलं सुलू गुडघ्यापर्यंत वर खोचून धावत सुटली. मी मागोमाग. ओल्या फरशीवर ती एकदा घसरली, हात टेकून उठली, मागे बघितलंसुद्धा नाही. बर्फघरात पोचल्यावर तिने एका केबलच्या खिट्टीवर अंगठा टेकवला.

“ही शीतगृहाकडची ना? बघ नीट, ऊर्मिला. दुसरीच कुठली ओढली तर गोल सुटणार नाही.”

केबलला बांधलेल्या चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं. मी मोठ्याने वाचलं. तिने दाबलं, ओढलं. स्विचचे दिवे भानावर आले, एकेक करून, नेहमीसारखे. लांबून हॉलमध्ये कुणीतरी म्हणालं, “आलं, आलं.”

बावीस मिनिटं गेली होती. उन्हात राहिलेले सहा टूना खतात गेले.

दुपारी मॅनेजरने दोघांना बोलावलं, मला साक्षीला. मॅनेजर म्हणाला, “म्हणजे केबल सदोष होती, असंच ना?” विमलेश खाली बघत होता. नुसतं हो म्हणाला असता तर सुटला असता. ती केबल आसेनाकाने ओढलेली. ती खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होती.

“केबल चांगली आहे,” विमलेश शेवटी म्हणाला. “मी बंद करायला नको होतं ते केलं. त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर त्यांचा पासवर्ड काढून घेतला.”

आसेनाका थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेल असं मला वाटलं होतं. तिला हायसं वाटलं होतं, नुसतं हायसं. पहाटेपासून अडवलेला श्वास सुटावा तसं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, “नाउ, मला ते नीट दाखवाल? कुठलं पोर्ट काय करतं ते.”

“दाखवीन की. पण चालत चालत. मला खुर्चीवर बसून सांगता येत नाही.”

त्याच आठवड्यात तिने चारही स्विचवर ते पुन्हा चालू केलं, ऑफिसचाच स्विच मूळ राहील असं स्वतः ठरवून दिलं, आणि काट्यांची पोर्टं वेगळी काढली. काटे लगेच बोलायला लागले. बायकांना नक्कल करायला वेळ उरला नाही, त्यावरूनही त्या कुरकुरल्या. हुद्द्यासाठी विमलेशने तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर ‘नेटवर्क तंत्रज्ञ’ असा कागद आला. तिने तो दोनदा वाचला, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, “वेळ लावला मेल्यांनी.”

ती आता मोआलाला परत गेली आहे. तिथल्या शाळेत दोनच स्विच आहेत आणि मध्ये एकच केबल. रविवारी चर्च सुटल्यावर तिचा फोन येतो, आणि बोलताना मागे तिच्या चपलांचा आवाज येत असतो. मागच्या वेळी म्हणाली, “दुसरी केबल मागितली आहे गं. द्यायला तयार नाहीत, म्हणतात चाललंय की एका केबलवर. आणि ती तुटली तर? झोप लागत नाही मला.”