साहेबांना पाहून मी उभी राहिले

समस्त नातेवाईक, भिशी मंडळ आणि जिन्यात अडवून "जर्मनीत काय काय पाहिलं?" असं विचारणाऱ्या तमाम हितचिंतकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, युद्धकाळातल्या गुन्ह्यांचा आरोप असलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला भर न्यायालयात उठून मान देणारी एकमेव व्यक्ती मीच होते. कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याच तोंडून ऐका.

माझी लेक सानिका डार्मश्टाटला पीएच.डी. करते. तिच्या खालच्या मजल्यावर नुहा राहते. (नाव बदललंय, देशाचं नाव तर लिहायचंच नाही, ही तिची अट.) तिच्या देशात युद्ध पेटलं, तेव्हा तिचा धाकटा भाऊ पाव आणायला गेला. चौकीतल्या पोलिसांनी त्याला रांगेतून उचललं. तो परत आला नाही. त्या शहराचा पोलीसप्रमुख पुढे जर्मनीतच सापडला, निर्वासित म्हणून राहत असलेला. असा गुन्हा जगात कुठेही घडलेला असो, खटला जर्मनीत चालू शकतो. आता नुहाची साक्ष होती, दोन तासांवरच्या गावी. सानिका सोबत निघाली होती.

"मीही येते," मी म्हटलं.

"आई, ती सहल नाहीये."

"म्हणूनच लाडू घेतलेत."

सकाळच्या गाडीत धुकं खिडकीला चिकटून बसलं होतं. मधूनच एखाद्या पवनचक्कीचं पातं वर यायचं आणि बुडायचं. नुहाने घेतलेलं ब्रोचेन (छोटा गोल पाव) तसंच मांडीवर होतं. प्रत्येक स्टेशनला ती पर्स उचलायची, दाराकडे बघायची. एकदा तर उठलीच.

"त्याला बघितलं की माझी जीभ उचलणार नाही," ती सानिकाला जर्मनमध्ये म्हणाली, सानिकाने मला मराठीत सांगितलं. "मग सगळे म्हणतील, हिला काही आठवतच नाही."

त्यात आमची गाडी उशिरा पोचली आणि उमश्टाइगला (गाडी बदलायच्या जागी) पुढची आमच्या डोळ्यांदेखत सुटली. नुहाच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटकेचा भाव आला. पुढची गाडी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

न्यायालयाच्या दारात पहारेकऱ्याने माझा डबा उघडला. "हे काय?"

सानिकाने सांगितलं. त्याने एक लाडू उचलून वजन केल्यासारखा तळहातावर तोलला. "जाताना परत न्या," तो म्हणाला. माझा लाडू हत्यारात जमा!

आत नुहा तिच्या वकीलबाईंशेजारी बसली, आम्ही मागे प्रेक्षकांत. न्यायाधीश यायचे होते. बाजूचं दार उघडलं आणि आरोपीला आत आणलं. राखाडी स्वेटर, चष्मा, हातात फाईल. पेन्शनच्या रांगेत भेटावेत असे एक काका. पण दारातच थांबून त्यांनी दालनावरून एक नजर फिरवली.

ती नजर मी ओळखते. माझे बाबा हवालदार. मी पोलीस लाईनीत वाढले. साहेबांची जीप वळली की ताटावरूनही उठायचं, हे आम्हाला अक्षरओळखीआधी शिकवलेलं. बाबा म्हणायचे, "साहेबांच्या हुकमाशिवाय इथे पान हलत नाही. चौकशी लागली की मात्र साहेबांना हुकूमच आठवत नाही."

माझे गुडघे माझ्याआधी उठले. अख्ख्या दालनात उभी मी एकटी, हात शिवणीला लावून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तळहात हलकेच खाली दाबला. बसा. आणि मी बसले! बघा, बसलेसुद्धा!

नुहा मान वळवून हे सगळं पाहत होती.

मग न्यायाधीश आले, सगळे रीतसर उठले. आरोपीच्या वकिलाने निवेदन वाचलं. सानिका कानात पुटपुटली, "म्हणतोय, मी नावापुरता प्रमुख. कागद हलवायचो. चौक्यांवरचं कुणी माझं ऐकतच नव्हतं." एवढ्यात पहारेकऱ्याने तिच्यावर डोळे वटारले. तिथून पुढे मला काहीच कळेना.

नुहा साक्षीच्या खुर्चीत बसली. न्यायाधीशांनी हळू आवाजात काही विचारलं. ती गप्प. पाण्याचा ग्लास पुढे आला. तरी गप्प. हे माझ्यामुळे झालं. तिच्याच बाजूने आलेल्या बाईने त्याच्यासमोर मान तुकवली. आता ती कुणाच्या भरवशावर बोलणार?

अचानक ती वळली, थेट माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या भाषेत एक वाक्य ओरडली. दुभाष्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. सगळं दालन माझ्याकडे वळलं. आरोपीचा वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला थांबवलं आणि पेन उचललं. साहेबांनी मात्र टेबलावरचा हात काढून मांडीवर घेतला.

त्यानंतर नुहा दुपारपर्यंत बोलत होती.

परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. ओढणीवर पावाचा चुरा.

"शिव्या दिल्या का गं मला?" मी सानिकाला विचारलं.

"नाही गं आई."

"मग? त्याला शिक्षा होणार?"

"निकालाला अजून खूप महिने आहेत." आणि मग तिने मला ते वाक्य सांगितलं.

परवा आमच्या सोसायटीच्या बैठकीला नवे इन्स्पेक्टर साहेब आले. सगळे उठले. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसून राहिले. साहेब बिचारे चांगलेही असतील. पण गुडघ्यांना आता थोडा विचार करायला शिकवायचंय. कानात नुहाच होती:

"ज्याच्या हाताच्या नुसत्या इशाऱ्यावर ही परक्या देशातली बाई खाली बसली, तो म्हणतो, माझं कुणी ऐकतच नव्हतं!"