उशिरा येणारी वेलांटी

माझी थोरली बहीण सिरसाळ्याला दिलेली. कोडी घालण्यात आणि सोडवण्यात तिचा हात कुणी धरत नसे. मी धारूरला घरी बसून मोबाइलवरचा कोड्यांचा गेम बनवला, तो आधी इंग्रजीत होता. ती म्हणाली, "माझ्या काय कामाचा?" म्हणून मी त्यातला सगळा मजकूर मराठीत आणला आणि फोन घेऊन तिच्याकडे गेलो.

गेममध्ये एका किल्ल्यातल्या भुयारात आपण अडकतो. दगडी भिंतीवर कोडं उमटतं, त्यावरून योग्य दार ओळखायचं. कुणीतरी लिहितंय असं वाटावं म्हणून कोडं एकेक अक्षराने उमटत जाई. इंग्रजीत ते फार झकास दिसायचं.

ताई ओसरीवर बसली आणि पुटपुटत वाचायला लागली. "क... कि... किल..." मग थांबली. पुन्हा पहिल्यापासून. "किल्ल... आरं, हे अक्षर कावून हलतंय?"

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. आधी नुसता क उमटत होता. मग मागून वेलांटी येऊन त्याच्या पुढे उभी राहत होती आणि क उजवीकडे सरकत होता. पुढे ल, त्याखाली पाय मोडल्याची खूण, मग एकदम ल्ल. हे मी घरी कितीदा तरी पाहिलं असेल, पण मला वाक्य पाठ होतं. ताई मात्र अक्षराच्या प्रत्येक उडीला शब्दाच्या सुरुवातीला परत जात होती.

मला गंमत वाटू लागली. आपण 'कि' हे एक अक्षर म्हणतो, पण संगणक ते दोन तुकड्यांत साठवतो: आधी क, नंतर वेलांटी. लिहिताना तर आपण वेलांटी आधी काढतो! मी तिला अजून दोन कोडी वाचायला लावली आणि कोड्याऐवजी तिचे डोळेच बघत बसलो.

"माझ्याकडं काय बघायलास?"

"तू कुठं अडखळतीस ते."

"उन्हात तर कायबी दिसंना गेलंय," ती म्हणाली. तेही खरंच होतं. काळपट दगडावर करडी अक्षरं मला शोभिवंत वाटली होती.

घरी येऊन मी अख्खा शब्द एकदम उमटेल असं केलं. अक्षरांमागे फिकट पट्टी टाकली, अक्षरं काळी केली, आणि बोट लावेपर्यंत कोडं जागचं हलणार नाही अशी सोय केली. पुढच्या रविवारी परत सिरसाळा.

या वेळी ताईने एका दमात वाचलं: "किल्ल्यातल्या ज्या दाराला सूर्य विसरला, तिथून जा." मी खूश. ती मात्र एकेका दाराकडे बघत राहिली.

"दिसतंय ना नीट?"

"दिसतंय लई चांगलं. पण सूर्य इसरला म्हंजी ऊन न्हाई का सावली न्हाई?"

मी फोन हातात घेऊन वाक्य पुन्हा वाचलं. दोन्ही अर्थ निघत होते. एका दारावर ऊन नव्हतं, दुसऱ्याची सावली पडत नव्हती. अक्षरं धडपडत होती तोवर वाक्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, माझंसुद्धा.

"'ज्या दारावर ऊन येत नाही' असं करू?"

"मग त्यात कोडं कुठं ऱ्हायलं?" तिने सुपातल्या दोन शेंगा फोडल्या. मग म्हणाली, "दुपारीबी दिवा लावावा लागतो, असं म्हण की."

मी तिथेच लॅपटॉप उघडून वाक्य बदललं. आता उत्तर तिला माहीत होतं, म्हणून फोन दाजींच्या हातात दिला. ते बाजारातून नुकतेच आले होते.

"तू बोलायचं न्हाई," त्यांनी ताईला बजावलं. ताईने पदर तोंडावर धरला.

दाजींनी मनातल्या मनात वाचलं. "दुपारी दिवा..." म्हणत तिन्ही दारांवरून नजर फिरवली आणि अंधाऱ्या दारावर बोट ठेवलं. दार करकरत उघडलं. अक्षरांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. फोन डोळ्यांजवळ नेत त्यांनी विचारलं, "पुढं काय हाय?"

कोडी होती, पण दारापलीकडचं भुयार मी अजून बनवलंच नव्हतं.