सगळं नॉर्मल असलेली बाई

"टेबलावर आडवं व्हा," मी म्हटलं.

सुनीता टेबलाच्या कडेला बसली, जरा मागे कलली आणि लगेच पुन्हा ताठ झाली. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. आडवं होणं तिला जमतच नव्हतं. तिचा दीर संतोष मात्र समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसून फाईल उघडत होता.

"मॅडम, हिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल हायेत. टेन्शन घेते, दुसरं काही नाही."

मी कारंजा लाडला फिजिशियन आहे. सुनीता धनजकडच्या एका मळ्यातली, तिशीच्या आसपासची. घरचे वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि ती बाजारात आणून विकते. संतोषचं गावात औषधांचं दुकान आहे. त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने तो अर्धा डॉक्टर आणि त्याच्या स्वतःच्या दृष्टीने पूर्ण.

"रात्री काय होतं?" मी सुनीताला विचारलं.

"छाती धडधडते म्हणते," संतोष म्हणाला.

"तिला सांगू द्या."

सुनीता थांबत थांबत बोलली. "झोपलं का दचकून जाग येते. छाती धडधड करून राह्यते. हवाच पुरत नाही. उठून भिताडाले टेकून बसा लागते, मंग जरा बरं वाटते. दिवसा मेथीची जुडी बांधाचंही जिवावर येते."

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी सांगते. आपण झोपलो की पायांतलं रक्त हृदयाकडे सहज परत येतं. हृदयाला ते पुढे ढकलता आलं नाही, तर ते मागे फुप्फुसांत तुंबतं आणि श्वास कोंडतो. उठून बसलं की भार उतरतो. हे मेडिकल कॉलेजात पहिल्याच वॉर्डात शिकवतात. त्यासाठी परदेशी जावं लागत नाही.

तरी आजवर या बाईला भेटलेले विद्वान ऐका. पहिल्याने गॅस सांगितला. दुसऱ्याने दमा ठरवून इन्हेलर दिला. त्या औषधाने हृदय आणखी पळतं, म्हणजे धडधडीवर धडधडीचं औषध. तिसरं मोठ्या शहरातलं चकचकीत हॉस्पिटल. तिथे 'फुल बॉडी चेकअप' झाला. थायरॉइड, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन, सगळं तपासलं. ॲन्क्झायटी लिहून झोपेची गोळी देऊन बाईला घरी पाठवलं. ज्या बाईचा श्वास झोपल्यावर कोंडतो, तिला आणखी गाढ झोपवायची ही सोय.

"काल संध्याकाळी गावात दोन सलाईन लावल्या," संतोष म्हणाला. "अशक्तपणा लय होता. डॉक्टरले मीच म्हटलं, ताकद येईल."

"मग रात्र कशी गेली?" मी सुनीताला विचारलं.

"बसूनच. पहाटे वाटलं, आता काही वाचत नाही. लेकराले जवळ घेऊन बसली होती."

आधीच तुंबलेल्या फुप्फुसांत दीरसाहेबांनी दोन बाटल्या पाणी भरलं होतं.

तिला तिथेच ॲडमिट केलं. पाठीमागे उशा लावून बसवलं, ऑक्सिजन सुरू केला, लघवी वाढवून अंगातलं जादा पाणी काढणारं इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत तिची धाप बरीच कमी झाली. मग तिला डाव्या कुशीवर झोपवलं आणि स्टेथोस्कोप डाव्या स्तनाखाली टेकवला. ठोक्याच्या दोन आवाजांतला पहिला टणक लागला. त्यानंतर दोन ठोक्यांच्या मधे एक हलकी घरघर, दूर लाकडी पुलावरून बैलगाडी जावी तशी. तो आवाज शोधावा लागतो, खोली शांत लागते आणि डॉक्टरने बोलणं थांबवावं लागतं. बहुधा तेच जड जात असावं.

"इथे कोणी नळी लावून ऐकलं होतं?"

"नाही. पाठीले लावली होती. साडीवरूनच."

"लहानपणी सांधे सुजले होते?"

तिने माझ्याकडे जरा चकित होऊन पाहिलं. "हो. सातवीत. आधी गुडघे, मंग मनगटं. ताप होता. शाळा सुटली ते सुटलीच. तुमाले कसं समजलं?"

हा संधिवाताचा ताप. लहानपणी घसा बिघडतो, मग सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण कधी कधी हृदयाची एक झडप हळूहळू जाड आणि अरुंद होत जाते. दार अर्धं मिटलं की रक्त मागे थांबणारच.

मी संतोषला हे सांगितलं. त्याला पटलं नाही. त्याने शहरातल्या त्या डॉक्टरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुमी सरांशीच बोला."

"मॅडम, तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत," सर म्हणाले.

"छाती ऐकली होती?"

"ईसीजी केलाय."

"मी छातीचं विचारलं."

"मॅडम, आमच्याकडे पेशंटचा लोड किती असतो..."

"टू-डी इको केला होता?" म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

"ते पॅकेजमध्ये येत नाही."

मी फोन संतोषला परत दिला. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

श्वास ताब्यात आल्यावर अकोल्याला इको करून घेतला. झडपेचं तोंड फारच अरुंद झालेलं होतं. रात्रीची धडधड म्हणजे हृदयाच्या ताणलेल्या वरच्या कप्प्यात मधूनच उठणारे बेताल ठोके. मी सुनीताला चित्र काढून दाखवलं. तिने चित्रातल्या अरुंद तोंडावर बोट ठेवलं.

"म्हणजे मले टेन्शन नव्हतं?"

"होतं. रात्री जीव जातोय असं वाटत असताना सगळे नाटक म्हणत होते, त्याचं असणारच."

तेव्हा ती पहिल्यांदा रडली. त्या दिवशी मळ्यावरून आलेला तिचा नवरा दारात उभा होता, तो आत आला आणि तिच्या पायांशी बसला.

नागपूरला मांडीच्या शिरेतून नळी नेऊन बलूनने ती झडप उघडली. छाती कापावी लागली नाही. गोळ्या चालू आहेत, तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, आणि ते चुकवायचं नाही असं मी तिला दटावून सांगितलंय. आता ती एका उशीवर झोपते. बाजारातही बसते, पण पाटी उचलायची नाही. ती नवरा उचलतो.

संतोषही सुधारला आहे. दुकानात कोणी जिना चढून दम लागला म्हणालं, तरी तो लगेच इको करायला सांगतो. छाती ऐकून घ्या, असं अजून तो कोणाला सांगत नाही. माणसं एका टोकावरून निघतात ती थेट दुसऱ्याच टोकाला जाऊन बसतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगते, जेवढं तपासलं तेवढंच नॉर्मल असतं.