सरासरीत बसवलेला वर्ग

आमच्या मुख्याध्यापकांच्या डोक्यावर स्लॅब आहे आणि सातवीच्या डोक्यावर पत्रा. या शाळेत बदलून आले त्या दिवसापासून मला या गोष्टीचा राग आहे आणि तो अजून उतरलेला नाही. ऑफिसशेजारी स्लॅबची आणखी एक खोली आहे. तिच्यात मोडके बाक आणि फाटके नकाशे सावलीला ठेवलेत, दाराला कुलूप. पोरं मात्र मार्चातल्या दुपारी पत्र्याखाली वहीनं वारा घेत बसतात. पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा तर आठवड्यातून एकदा घोळणा फुटायचाच. ती एका हातानं नाकाला रुमाल दाबून धरायची आणि दुसऱ्या हातानं गणित सोडवत राहायची. तिला त्या खोलीतून बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या वर्षी वरून पत्र आलं : हवामान बदल गणितातून शिकवा, आकडे गोळा करा, आलेख काढा. अशी पत्रं आली की मी कपाळाला हात लावते. या वेळी म्हटलं, बरं झालं. विज्ञानाच्या पेटीतला तापमापक वर्गात टांगला आणि नोंदवही त्याच मुलीकडे दिली. परिपाठ झाला की एक नोंद, दुपारी दोनला दुसरी. पंधरा दिवसांच्या आकड्यांवरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही, त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, हेही सांगितलं. पत्रात ते नव्हतं.

तेव्हा सरासरीचा धडा चालू होता. मी सकाळ आणि दुपार या दोन्ही रकान्यांची मिळून सरासरी काढून घेतली, आलेख काढून घेतला आणि सातवीला ती बंद खोली द्यावी असा अर्ज त्या आलेखाला जोडून ऑफिसात दिला.

मुख्याध्यापकांनी कूलरसमोरून न उठता आलेख पाहिला.

"बाई, ह्यात तर सगळं ठीकच दिसायलंय की. एवढी गर्मी तर माझ्या घरी बी राहती."

"सर, ती सकाळ-दुपारची सरासरी आहे."

"मंग? तुमीच शिकवली ना? का चुकीचं शिकवलं?"

त्यांचा राग आला त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. इतकी वर्षं सरासरी शिकवतेय आणि हे मला सुचू नये? वर्गात येऊन सांगितलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, "बाई, दुपारी घोळणा फुटतो तवा मला सकाळचं गार वारं कुठं लागतंय?"

मग आम्ही सकाळचा रकाना बाजूला काढला आणि फक्त दोनच्या नोंदींचा आलेख केला. तो घेऊन गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, आता बदल नको, पहिला आलेख तालुक्याला पाठवला. त्यांनी तो मोठा करून, काच लावून ऑफिसात टांगलाही होता. वर लाल अक्षरांत 'हवामान बदल : आमचा उपक्रम'. खाली कूलर चालू.

एप्रिलात तालुक्याहून साहेब आले. शाल झाली, नारळ झाला, चहा झाला. आलेख समजावून सांगायला त्या मुलीला ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापकांनी तिच्याकडून दोन दिवस भाषण पाठ करून घेतलं होतं. ती आलेखाकडं न बघता म्हणाली, "सायेब, इथं कसं सांगू? वर्गात चला. आता दोनच वाजायलेत."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच पढवलंय. मी पढवलं नव्हतं, याचंच मला वाईट वाटतंय.

साहेब हसत हसत निघाले. वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत आले, आत डोकावले, आणि पत्र्याची झळ तोंडावर आली तशी मान मागं घेतली. "छान, छान. चालू ठेवा," म्हणाले आणि वळले. फोटो लिंबाखाली निघाला. मुख्याध्यापक तर उंबऱ्यापर्यंतही आले नाहीत.

मी वर्गात परतले तेव्हा ती मुलगी पट्टीनं रेघ मारून नोंदवहीत नवा रकाना आखत होती. वर लिहिलं होतं : 'मोठी माणसं वर्गात किती मिनिटं बसली'. खाली साहेबांपुढं शून्य. मुख्याध्यापकांपुढं पहिल्या दिवसापासून रोजचं एकेक शून्य, एकही दिवस न गाळता.

"बाई, ह्याची बी सरासरी काढू का?"

ती चेष्टा करत नव्हती. रुमाल तिच्या मुठीतच होता.

"काढ," म्हटलं. सगळा वर्ग खाली मान घालून बेरीज मांडायला लागला.

खोलीचं कुलूप अजून तसंच आहे. मी त्याच दिवशी नवा अर्ज लिहिला, त्याला नोंदवहीचं ते पान जोडलं, खाली माझी सही केली आणि कूलरसमोर नेऊन ठेवलं. सर, तपासून घ्या म्हटलं, या वेळी सरासरी बरोबर आहे.