सुईवाली

धुळ्याच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथे दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की फ्लूच्या लशीची मीटिंग होते. त्या वर्षी ती झाली तेव्हा मला चौथा महिना होता. आमच्या फिजिशियन मॅडमनी नेहमीसारखं नीट समजावून सांगितलं. विषाणू रूप बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची लस या वर्षी पुरत नाही. पेशंटजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने घ्यायची, झाडलोट करणाऱ्यांनीसुद्धा. गरोदर बाईला कोणत्याही महिन्यात देता येते, फक्त इंजेक्शनचीच द्यायची, नाकात फवारायची नाही. एका सुईने आईचंही रक्षण होतं आणि जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाचंही, कारण इतक्या लहान बाळाला लस देता येत नाही.

मॅडम गेल्यावर मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझा दंड धरला.

"आधी हिला द्या. गरोदर सिस्टरने घेतली म्हटल्यावर बाहेरच्या बाया आपोआप तयार होतील."

मला भीती वाटत नव्हती. मी स्वतःच घेणार होते. हसत हसत बाही वर केली. दोन दिवस दंड ठणकला, अंग थोडं कसकसलं, मग काही नाही. मेट्रनबाई मला ओपीडीतल्या गरोदर बायांना दाखवत फिरल्या. "ही आमची सिस्टर बघा. हिने घेतली. तुम्हाला काय धाड भरली?"

पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

तपासणीत कळलं की बाळाची घडणच अगदी सुरुवातीपासून चुकलेली होती. रिपोर्ट हातात घेऊन मॅडम माझ्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "हे लशीच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं. तू काही केलं नाहीस." मला ते कळलं. मी नर्स आहे, मला कळायला अडचण नव्हती. अडचण होती ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंना.

माझं सासर नरडाण्याच्या पुढे, कापसाचा गाव. नवरा नरडाण्याच्या कारखान्यात कामाला, आम्ही दोघं धुळ्यात खोली करून राहायचो आणि सुट्टीला गावी जायचो. मी सुई घेतली हे सासूबाईंना मीच कौतुकाने सांगितलं होतं. आता त्यांनी मॅडमचं काही ऐकून घेतलं नाही. वॉर्डमधून बाहेर पडल्या आणि पॅसेजमध्ये उभ्या राहून ओरडल्या, "हिले कोनी सुई टोची? पोटमां लेकरू व्हतं, तरी टोची!"

मेट्रनबाई धावत आल्या. दार उघडं होतं, मला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही हो आजी," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तिनेच हौसेने मागून घेतली."

सासूबाईंना हवं ते मिळालं होतं. आत येऊन त्यांनी माझ्या उशाशी ठेवलेला डबा उचलला, जो त्यांनीच माझ्यासाठी भरून आणला होता, आणि तो घेऊन त्या एस.टी. स्टँडवर निघून गेल्या.

त्यानंतर गावात मी सुईवाली झाले. हे नाव सासूबाईंनी ठेवलं की हातपंपावरच्या बायांनी, मला माहीत नाही. आधी माझ्या माघारी म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. गल्लीतली पोरं माझ्या मागून "सुईवाली आली, पळा" करत पळायची आणि ओट्यावर बसलेल्या त्यांच्या आया हसायच्या. हळदीकुंकवाला घरात गरोदर बाई आली की सासूबाई मला आतल्या खोलीत धाडायच्या. "हिनी सावली नको पडाले," असं त्या माझ्यासमोरच म्हणायच्या, आवाज न चढवता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी एकदा रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कागद तुन्हाच दवाखानाना शे ना?"

नवरा या सगळ्यात काही बोलत नसे. मला वाटायचं, निदान तो माझ्या बाजूचा आहे, फक्त आईपुढे त्याचं तोंड उघडत नाही. एका रविवारी मी चपात्या लाटत होते. तो दारात येऊन उभा राहिला.

"एक विचारू? रागावू नको."

"विचार."

"खरं सांग, ते सुईमुये तं नही व्हयनं ना?"

मी लाटणं ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातची औषधं त्याने डोळे मिटून घेतलेली. मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं." आणि टीव्ही लावला. त्याने विश्वास ठेवला की नाही, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

पुढच्या वर्षी मीटिंग झाली आणि लशीच्या टेबलावर माझी ड्युटी लागली. माणसं कमी होती, नाहीतर मेट्रनबाईंनी मला तिथे बसवलं नसतं. काम मला आवडायचं. आज ताप आहे का, आधी कधी लशीने त्रास झाला होता का, हे विचारायचं, सुई द्यायची, थोडा वेळ समोर बसवून ठेवायचं. एक तरुण बाई आली, सहावा-सातवा महिना असेल. बाही वर करताना तिने सहज विचारलं, "सिस्टर, तुमच्या वेळेला तुम्ही घेतली होती का?"

"घेतली होती."

"मग बाळ केवढं आहे आता?"

हातात सिरिंज होती. मी म्हटलं, "राहिलं नाही. पण त्याचं कारण लस नव्हती. बाळाच्या घडणीतच दोष होता, तपासणीत तसं निघालं."

तिने बाही खाली ओढली. शेजारी बसलेल्या तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ती सुई लपवून आणली होती. दोघी उठून गेल्या. त्यांच्या मागे रांगेतल्या आणखी दोघी गेल्या.

मेट्रनबाईंनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं. "खोटं बोलता येत नाही तुला? म्हणायचं, दुडूदुडू धावतंय घरात. कोण बघायला येणार आहे?"

"मॅडमनीच सांगितलंय ना, विचारलं तर खरं सांगा म्हणून?"

"खरं सांगायला तुझ्याकडे काहीतरी चांगलं असायला हवं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी पुरुषांच्या वॉर्डात लावली.

त्याच पावसाळ्यात माझ्या जावेला दिवस गेले. ती धाकटी, माझ्याहून बरीच लहान, सासूबाईंची लाडकी. तिला माझ्या पंक्तीला बसू देत नव्हते. एका दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी खाली. शेजारच्या गावात एक बाळंतीण फ्लूने अत्यवस्थ झाली होती, ते ऐकून ती घाबरली होती.

"अक्का, माले बी दी दे ना ती सुई. घरमां कोनले सांगू नको."

डोळे तपासायचे असं घरी सांगून ती माहेरच्या बहिणीला घेऊन धुळ्याला आली. मी मॅडमकडे नेलं, त्यांनी तपासलं आणि मला खूण केली. बाही वर करून ती माझ्यासमोर बसली. डोळे घट्ट मिटलेले.

"अक्का, तुन्हं व्हयनं तसं मन्हं नही व्हवाव ना?"

तिला दुखवायचं नव्हतं हे मला कळत होतं. मी म्हटलं, "या सुईने नाही होत." आणि दिली. नंतर तिला चहा पाजला. ती जाताना माझ्या पाया पडली, म्हणाली, "तुन्हा उपकार विसराव नही." तो पावसाळा आणि हिवाळा ती ठणठणीत राहिली. लस घेतली नसती तर आजारी पडली असती का, हे कुणी सांगू शकत नाही, मीही नाही.

मुलगा झाला. बाळंतपण सासरीच होतं, बारसं थाटात झालं. नवरा म्हणाला, नाही गेलो तर लोक बोलतील, म्हणून गेलो. घर बायांनी भरलेलं. सासूबाईंनी नातवाला मांडीवर घेतलं होतं आणि येईल तिला सांगत होत्या, "हिनी ती दवाखानानी सुई लिधी नही. देखा, कसा दांडगा पोऱ्या शे!"

जाऊ पाळण्याशेजारी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग नव्या साडीच्या निऱ्या सारख्या करायला लागली.

मी झबलं घेऊन पुढे गेले. सासूबाईंनी बाळावर पदर ओढला.

"दूरथीनच देख."

सगळ्या बाया बघत होत्या. एक शब्द बोलले असते तर सासूबाईंचं तोंड तिथेच बंद झालं असतं आणि त्यांची लाडकी सून बाळासकट त्यांच्या मनातून उतरली असती. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. दयेने गिळला म्हणावं तर तसं नव्हतं. मला दिसलं की मी सांगितलं तरी जाऊ नाही म्हणेल, माझ्या तोंडावर, इतक्या बायांदेखत, आणि सगळ्या तिचंच खरं मानतील. झबलं मी सुपाऱ्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि बाहेर आले. नवरा मांडवात भावासोबत जेवत होता. त्याचं जेवण होईपर्यंत मी गाडीजवळ उभी राहिले.

त्या घरी मी नंतर गेले नाही. कुणी बोलावलंही नाही. फोन मात्र येतो, जावेचा, घरात कुणी नसताना. बाळाला कुठली लस कधी, खोकला झाला तर काय, सगळं विचारते. बारशाच्या दिवसाबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा मी सांगितलं की आता त्यालाही फ्लूची लस देता येईल, घेऊन ये.

"लई येसू," ती म्हणाली. मग, "पन त्याले ताप उना तं आत्याबाईले काय सांगू?"

"दात येतायत म्हणून सांग," मी म्हटलं.

ती हसली. मोकळी, पोरीसारखी हसली आणि बाहेर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून तिने फोन बंद केला.