दहाव्याला फोनवर

लिस्बनमध्ये राहून मी अंधेरीतल्या ऑफिसचं काम करायचो. इथल्या अंधारात उठून तिथल्या वेळेला लॅपटॉप उघडायचा आणि तिथले लोक घरी निघाले की भर दुपारी मोकळं व्हायचं. बाबा घाटकोपरहून फोनवर विचारायचे, "अंधेरीलाच कामाला जायचं, तर वाटेत लिस्बन कशाला लागतं रे?" मला उत्तर द्यायचा कंटाळा यायचा. खरं उत्तर एवढंच होतं, की इथे मला कोणी काही विचारत नव्हतं.

बाबा गेले तेव्हा माझं राहण्याचं परमिट नूतनीकरणाला पडलं होतं. देशाबाहेर पडलो असतो तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. आईला तसं सांगितलं, तर ती "बरं" म्हणाली. अग्नी चुलतभावाने दिला.

दहाव्याला त्यानेच व्हिडिओ कॉल लावला. स्मशानामागच्या कट्ट्यावर पिंड ठेवला होता. वर तारेवर कावळे बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता. एरवी घाटकोपरचे कावळे माणसाच्या हातातला वडा पळवतात. गेलेल्याची इच्छा अडकली की कावळा शिवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांच्या माना फोनकडे वळल्या.

मामाने पिंडासमोर हात जोडले. "भावोजी, तुमचो झिल येतलो परत. काळजी करू नका." कावळे ढिम्म.

"तू बोल ना!" आत्या माझ्यावर खेकसली. "तुझ्यातच जीव अडकलाय त्याचा."

भावाने फोन पिंडासमोर धरला. पडद्यावर भाताचा गोळा, त्यावर काळे तीळ आणि कोपऱ्यातल्या चौकटीत माझं पारोसं तोंड.

"बाबा, मी परत येतो."

"मोठ्याने!"

मी ओरडलो. इथल्या शेजारणीने भिंत ठोकली. तिथले कावळे मात्र जागचे हलले नाहीत. मला बाबांचा भयंकर राग आला. मेल्यावरही हा माणूस हट्ट सोडत नाही, चारचौघांत माझी शोभा करतो, असं वाटलं.

तेवढ्यात आई पुढे आली. तिने फोन हाताने बाजूला सारला. आता मला फक्त आकाश दिसत होतं, पण तिचा आवाज स्वच्छ आला.

"अहो, तो येणार नाही. वाट नका बघू. जा तुम्ही."

फडफड ऐकू आली, मग मामाचं "शिवला, शिवला!" भावाने फोन सरळ केला तोवर पिंडावर चार कावळे तुटून पडले होते. सगळे सुटकेने हसत होते. आत्या चपला शोधायला लागली.

"आई," मी हाक मारली.

तिने फोनकडे पाहिलं नाही. भावाला म्हणाली, "माझ्या दहाव्याला ह्याला फोन लावू नकोस रे. उगाच माणसं उपाशी ताटकळतात."